सासऱ्याच्या नावाचा सर्व्हर

माझा धंदा काय आहे, हे माझ्या बायकोला लग्नानंतर बरीच वर्षं कळलं नव्हतं. शेजारणी विचारायच्या, "तुमचे यजमान काय करतात?" तर ती सांगायची, "लोकांच्या कॉम्प्युटरांना एकमेकांची नावं आठवत नाहीत. हे जाऊन आठवण करून देतात." मी हसायचो. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, माझं काम याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून पुण्याच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा नाहीच म्हणालो. आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत जन्मलो आणि वाढलो. घरी बोलतो ती मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे आधी हसतात, मग गंभीर होतात आणि शेवटी टेपरेकॉर्डर काढतात. आमच्याकडे अजून "झालं" नाही, "जालं"च होतं. देवनागरी लिहायला मी चाळिशी उलटल्यावर शिकलो. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाची जबाबदारी संपादकबाईंची, घोटाळ्याची माझी. घोटाळा हाच माझा विषय आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. दहा कॉम्प्युटर तारेनं एकमेकांना जोडले की त्याला नेटवर्क म्हणायचं. त्यातल्या प्रत्येकाला एक लांबलचक नंबर असतो. माणसाला तो लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येकाला एक नाव द्यायचं. नाव टाकलं की त्याचा नंबर शोधून द्यायचं काम एका सर्व्हरकडे असतं. गावात पोस्टमनला विचारावं तसं. "अमका कुठे राहतो हो?" तो सांगतो, "तिसरी गल्ली, निळा दरवाजा." पोस्टमनला चुकीचं ठाऊक असेल तर तुम्ही भलत्याच्या घरात शिरता. आणि भलत्यानं प्रेमानं कॉफी दिली तर आपण चुकलोय हे तुम्हाला कळतही नाही. आमच्या धंद्यातली सगळी डोकेदुखी ही या कॉफीची.

शिवाय आमच्या गावात नाव ही सरळ गोष्ट नाही. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे. एका तांदळाच्या गिरणीत मालकानं सर्व्हरला गणपतीचं नाव दिलं होतं. एक कारकून इंग्रजीत ते G नं लिहायचा, दुसरा K नं, तिसऱ्याच्या शेवटी I च्या जागी Y यायचा. तिघेही बरोबर होते, चूक तेवढी कॉम्प्युटरची. मालक माझ्यावर रागावला. "सार, देवाला कळतं मी कोणाला हाक मारतोय. ह्याला कळायला काय धाड भरली?" 

पण मला सांगायचंय ते हनुमंतरावांच्या दुकानाचं.

देशात नुकतीच बाहेरच्या मालाला दारं उघडली होती. गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले होते आणि जो तो कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला होता. हनुमंतरावांचं घाऊक औषधांचं दुकान होतं. ओरत्तनाडु, तिरुवैयारु, इथपर्यंतच्या मेडिकल दुकानांना माल त्यांच्याकडून जायचा. स्वतः हनुमंतराव आता दाराजवळ वेताच्या खुर्चीत बसून तमिळ पेपर वाचायचे. धंदा धाकटा मुलगा बाबूराव बघायचा. थोरला सिंगापूरला नोकरीला होता. त्याची बायको सुलोचनाबाई दुकानातच काम करायची. आलेला माल मोजून घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर चढवायचा, हे तिचं काम. पुढच्या काउंटरवर बाबूराव आणि त्याची माणसं बिलं करायची. म्हणजे माल आत येतो वहिनीच्या हातून, बाहेर जातो दिराच्या हातून. जमाखर्च सर्व्हरवर.

हे सगळं नेटवर्क सेंतिल नावाच्या मुलानं उभं केलं होतं. हुशार होता, मोटारींचं भयंकर वेड. सर्व्हरला मालकांचंच नाव द्यायचं ठरलं. हळदकुंकू लावून, नारळ फोडून, नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं लिंबू सर्व्हरच्या पायाशी ठेवून 'हनुमंत' सुरू झाला. पुढे तो अपुरा पडू लागला तेव्हा सेंतिलनं नवा मोठा सर्व्हर आणला, सगळा हिशेब त्यावर उतरवला, आणि हनुमंत हे नाव आता नव्याचं, असं पोस्टमनला सांगून ठेवलं. जुना बंद करायला निघाला तर हनुमंतराव म्हणाले, "पूजा केलेलं यंत्र रे. चालू राहूं दे कीं, काय खायला मागतंय?" सेंतिलनं तो कोपऱ्यात चालू ठेवला आणि अमेरिकेला गेला. दुकान माझ्या गळ्यात आलं.

पोंगलनंतर बाबूरावचा फोन आला. "सार, जरा येऊन जा. घरातलं आहे, पण येऊन जा."

गेलो. भानगड अशी होती की सुलोचनाबाई म्हणायची, अमुक इंजेक्शनांची पेटी आली, मी चढवली. बाबूराव काउंटरवर बघायचा तर हिशेबात ती पेटी आलेलीच नाही. कधी उलटं. तिच्या पडद्यावर सलाईनच्या बाटल्यांचा ढीग शिल्लक दिसायचा आणि फळी रिकामी असायची. कंपनीची बिलं तर येत होती. मग माल गेला कुठे?

बाबूराव तोंडानं काही म्हणत नव्हता. पण माल मोजताना सुलोचनाबाईंच्या शेजारी आता एक माणूस उभा केलेला होता आणि तो तिच्या हाताकडे बघत होता. ती मान खाली घालून पेट्या मोजत होती. मला ते बघवेना.

मी तिच्या मशीनवर बसलो. हिशेबाचा प्रोग्राम सुरू करताना सर्व्हरचं नाव विचारायचा. मी हनुमंत टाकलं. प्रोग्राम उघडला, नव्या सर्व्हरला पोचला, काउंटरवर जे दिसत होतं तेच दिसलं. पेटी नाही. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात नावांची एक छोटीशी खासगी नोंद असते. पोस्टमनला विचारण्याआधी तो आपल्याच खिशातली चिठ्ठी बघतो. तीही बघितली. तिथे सेंतिलनं एक नाव लिहून ठेवलं होतं, मारुती, आणि पुढे जुन्या सर्व्हरचा नंबर. मी मनात म्हटलं, घ्या, याचं मोटारीचं वेड. तेव्हा त्या नावाची छोटी पांढरी गाडी गावात जिकडेतिकडे दिसायची. जुन्या मशीनला गंमत म्हणून दिलेलं नाव असेल. आमच्यात एक नियम आहे, जे कळत नाही ते पुसू नये. मी पुसलं नाही.

"मशीन ठीक आहे," मी बाबूरावला म्हणालो.

"मशीन ठीक आहे ना? मला एवढंच पाहिजे होतं," तो म्हणाला. माझ्या तीन शब्दांचं त्यानं काय केलं ते मला थोड्याच दिवसांत कळलं. सुलोचनाबाईंचा फोन आला. आवाज दबलेला, मागे प्रेशर कुकरची शिट्टी.

"अण्णा, दिरांनी सिंगापूरला फोन करून सांगिट्लं. मशीन ठीक आहे म्हणून इंजिनियरनंच सांगिट्लं म्हणे. अत्तां घरींच बसा म्हणत्यात. घरीं बसायला माझी ना नाही हो. पण चोर म्हणून बसूं?"

मी म्हटलं, "बाई, नीट सांगा. सकाळी प्रोग्राम उघडताना सर्व्हरचं नाव काय टाकता?"

"मामंजींचं."

मामंजी म्हणजे सासरे. हा शब्द तुमच्याकडे जुन्या बायकांबरोबर गेला असेल, आमच्याकडे आहे. मी विचारलं, "म्हणजे हनुमंतच ना?"

मागे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग ती घाईघाईनं म्हणाली, "होय होय, तेंच. मामंजींचंच."

झालं. माझं डोकं आणखी गरगरलं. नाव तेच, सर्व्हर तोच, पोस्टमन तोच. मी बसलो की पेटी नाही, ती बसली की पेटी आहे. मी तर भूतबाधेपर्यंत जाऊन आलो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तिच्या हाताला गुण असंल." चेष्टा करत होती, पण मला तोही एक मुद्दा वाटायला लागला होता. तारा बदलल्या. तिचं मशीन काउंटरवर नेलं, काउंटरचं आत आणून मी स्वतः चालवून बघितलं, मग दोन्ही जागच्या जागी ठेवली. तिचं मशीन माझ्या हाताखाली काउंटरवर शहाण्यासारखं वागलं. बाबूराव दाराला टेकून बघत होता. "सार, मशीन बदलून काय होतंय? माणूस बदलायला पाहिजे."

हनुमंतराव दाराजवळ पेपर धरून बसले होते. पण पेपराचं पान बराच वेळ उलटलं गेलं नव्हतं.

शेवटी मी सगळे उपाय थकल्यावर करायचा तो उपाय केला, म्हणजे काहीच केलं नाही. सकाळी दुकान उघडताना गेलो, तिच्या खुर्चीच्या मागे स्टूल घेऊन बसलो आणि म्हटलं, "बाई, मी नाहीच असं समजा. रोज करता तसं करा."

तिनं मशीन सुरू केलं. प्रोग्राम नाव विचारायला लागला. तिनं एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि एका बोटानं टाइप केलं. एम, ए, आर, यू, टी, आय.

"हे काय?" मी म्हटलं.

"मामंजींचं नाव."

"अहो, हे मारुती आहे!"

"मग? मामंजी कोण?" तिनं मलाच विचारलं. मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिलो, तेव्हा ती कुजबुजली, "सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं काय, अण्णा? तुमच्या घरीं घेत्यात?"

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याचं नाव घ्यायची आपल्यात सोय आहे, उखाणा आहे. सासऱ्याच्या नावाला उखाणाही नाही. देवाचं नाव तेच असलं तर सून देवालाही दुसऱ्या नावानं हाक मारते. माझ्या आईच्या सासऱ्यांचं नाव गोविंद. ती आरतीत तेवढा शब्द गिळून पुढे जायची. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त ते कॉम्प्युटरमध्ये शिरलं असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

"अहो पण हे बोलणं कुठे आहे? टाइप करायला काय हरकत?"

"बोटानं घेतलं तरी नाव नावच कीं," ती म्हणाली. "सेंतिलला मी विचारलं होतं, दुसरं नाव टाकलं तर चालेल काय? तो चालेल म्हणाला. त्यानंच करून दिलं. का म्हणून विचारलं नाही."

तो तरी कशाला विचारेल? तमिळ पोरगा, त्यांच्याकडे हनुमंताला मारुती फारसं कोणी म्हणत नाही. तिनं मारुती म्हटलं आणि त्यानं मोटार ऐकली.

आता सगळं लख्ख झालं. जुना सर्व्हर कोपऱ्यात जिवंत होता. नवा आल्यावर हनुमंत नाव नव्याकडे गेलं, पण तिच्या खिशातली मारुतीची चिठ्ठी जुन्याच्याच घरी नेत होती. आणि जुना प्रेमानं कॉफी देत होता. ती रोज आलेला सगळा माल जुन्यावर चढवत होती. बाबूराव गेलेला सगळा माल नव्यावरून उतरवत होता. तिच्याकडे माल येतच होता, विकला जातच नव्हता. त्याच्याकडे विकला जात होता, पण आलेलाच नव्हता. दोघंही पै न् पै खरी होती.

मी उठून बाहेर निघालो तसा तिनं माझा हात धरायचा तेवढा बाकी ठेवला. "अण्णा, मामंजींना नक्को सांगूं. हसतील. आणि दीर तर..."

"बाई, सांगितलं नाही तर चोर ठराल."

"मग हेवढंच सांगा कीं मशीन चुकलं."

पण मशीन चुकलं नव्हतं. आणि मी ते चुकलं नाही असं एकदा सांगून बसलो होतो. मी सगळ्यांना आत बोलावलं. आधी हिशेब दाखवला. जुन्या सर्व्हरवरचा आलेला माल, नव्यावरचा गेलेला माल, दोन्ही जोडून फळीवर बघितलं. सलाईनपासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत माल जुळला. मला वाटलं, संपलं. पण बाबूराव धंद्यात मुरलेला माणूस. त्याचा चेहरा उलट कठीण झाला.

"म्हणजे वैनी इतके दिवस दुसऱ्याच सर्व्हरवर काम करत होत्या. आम्हांला न सांगतां. दुसरा हिशेब ठेवत्यात असं म्हणा कीं सार. काय म्हणून?"

सुलोचनाबाई भिंतीला लागून उभी होती. काय म्हणून ते सांगायचं तर नाव घ्यायला हवं, आणि नाव ज्यांचं ते समोर उभे.  मला तिचा राग आला आणि गहिवरूनही आलं, दोन्ही एकदम. समोर नोकरी जातेय, अब्रू जातेय, आणि बाई चार अक्षरं उच्चारायला तयार नाही.

मी हनुमंतरावांना म्हटलं, "मामा, ती काय टाइप करते ते तुम्हीच वाचा."

म्हातारा वाकला. चष्मा वर केला, खाली केला. "मारुती," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "मारुती." आणि सरळ उभे राहून सुनेकडे न बघता मुलाकडे वळले.

"बाबू, तुझ्या बायकोला बोलीव. तिला म्हण, ह्या यंत्राचं नाव मोठ्यानं सांग."

"तिचा काय संबंध अप्पा?"

"बोलीव कीं. सांगती काय बघूं. कापली तरी सांगणार नाही. तुझी आई गेली, तोंडानं कधी माझं नाव घेतलं काय? आणि ही बोटानं घेत नाही म्हणून चोर काय रे?"

बाबूरावला मग उमगलं. तो खाली बघायला लागला.  आमच्याकडची माणसं माफी मागत नाहीत, कॉफी मागवतात. त्यानं कॉफी मागवली.

मी कामाला लागलो. जुन्यावरचा माल नव्यावर आणला आणि पोस्टमनला शिकवलं की हनुमंत म्हणा, मारुती म्हणा, घर एकच. ही सोय आमच्या धंद्यात पहिल्यापासून आहे, एका यंत्राला हवी तितकी नावं देता येतात. हनुमंतराव म्हणाले, माझंच नाव पुसून टाका. पण जिवंत माणसाचं नाव पुसायला कोणी तयार होईना, आणि सुनेनं तर कानांवर हात ठेवले. दोन्ही राहिली. जुना सर्व्हर मात्र मी बंद करायला लावला. हनुमंतरावांनी स्वतः बटण दाबलं आणि वर नमस्कार केला.

एक काम उरलं होतं. आतापर्यंत सगळे एकाच पासवर्डनं प्रोग्राममध्ये शिरायचे. कोणी काय चढवलं आणि कोणी काय उतरवलं, कळायला मार्ग नव्हता. मी म्हटलं, यापुढे ज्याचं त्याचं नाव वेगळं. ज्याची नोंद त्याच्या नावावर. बाबूरावचं केलं, काउंटरवरच्यांची केली. मग सुलोचनाबाईंचं टाइप करायला घेतलं तर ती मागून म्हणाली, "तें नक्को अण्णा."

"का? तुमचं नाव..."

"तें ह्या घरानं ठेवलं. लग्नांत." ती पुढे आली, माझ्या हातून कीबोर्ड घेतला आणि त्याच एका बोटानं सावकाश टाइप केलं. कुप्पू.

कुप्पै म्हणजे तमिळमध्ये केर. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या लेकराला असलं नाव ठेवतात, मृत्यूनं नजर फिरवावी म्हणून. तुमच्याकडे केरू, धोंडू असतात, तसंच. आईबापांनी मोठ्या भीतीनं आणि मायेनं ठेवलेलं नाव. लग्नात ते बदलून सुलोचना झालं आणि कोणाच्या तोंडी राहिलं नाही.

बाबूराव कॉफीचा टंबलर घेऊन आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "कुप्पू कोण हें?"

"मी," ती म्हणाली. "ह्या नावाला अजून कोणी चोर म्हणिट्लं नाही."